एकोणिसावी ओळ

गडहिंग्लजमध्ये शशिकांत टिपुगडेच्या सलूनमध्ये लोक दाढी-कटिंगला जात, आणि थोडं गप्प बसायलाही जात. बाकीच्या दुकानांत टीव्ही चाले, निवडणुका लढवल्या जात, कुणाची सून कुठे निघून गेली ते कळे. शशिकांतच्या दुकानात फक्त कात्रीचा आवाज. "किती ठेवू?" आणि "झालं," एवढंच गिऱ्हाइकाच्या वाट्याला येई. घरीही तेच. त्याची बायको शैलजा बालवाडीत बाई होती. दिवसभर तीस पोरांची बडबड ऐकून ती घरी यायची आणि घरात भिंतींशी बोलायची, असं बहिणींना फोनवर सांगायची. तक्रार म्हणून नव्हे. माणूस असाच आहे, निर्व्यसनी आहे, चांगला आहे, हे तिनं लग्नानंतरच्या दोन-तीन वर्षांतच स्वतःशी मान्य करून टाकलं होतं.

पंचावन्नाव्या वर्षी शशिकांतचा उजवा हात थरथरू लागला. आधी अंगठा, मग मनगट. वस्तरा धरणाऱ्या माणसाचा हात थरथरला तर दुकान किती दिवस चालणार? सहा महिन्यांत खुर्च्यांवर चादरी पडल्या. गोळ्या झाल्या, मालिश झालं, आणि शेवटी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी यंत्र बसवायचा सल्ला दिला.

त्या यंत्राविषयी थोडं सांगायला हवं. आपल्या मेंदूत खोलवर, वाटाण्याहून लहान अशी एक गाठ असते. हात कधी हलवायचा आणि कधी आवरायचा, या कामात तिचा मोठा वाटा. निरोगी माणसात तिथल्या पेशी आपापल्या चालीनं कामं करतात. कंपवातात मात्र त्या सगळ्या एकाच ठेक्यात, सेकंदाला वीसेक वेळा, एकदम धडधडू लागतात आणि हाताला जाणारे निरोप त्या गलक्यात अडकतात. तिथपर्यंत केसासारखी तार सोडून विजेचे बारीक ठोके दिले की ठेका मोडतो, हात मोकळा होतो. हा उपचार जुनाच. २०४१ साली नवं होतं ते एवढंच, की ठोका कधी द्यायचा हे यंत्र स्वतः शिकायचं. मनगटावरच्या पट्ट्यातून ते माणसाचा दिवस ऐकायचं. तो कुठे आहे, कुणाशी बोलतोय, कुठल्या वेळी ठेका चढतो, सगळं टिपून ठेवायचं आणि त्यावरून आपले नवे नियम लिहायचं. तारेला चार टोकं होती. कुठल्या टोकातून ठोका द्यायचा तेही तेच ठरवायचं. त्या गाठीच्या शेजारचा भाग मनाशी आणि बोलण्याशी जोडलेला असतो, त्यामुळे एखादा ठोका हाताबरोबर मनालाही लागू शकतो, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. शैलजानं मान डोलावली होती. त्या वेळी तिचं सगळं लक्ष नवऱ्याच्या हाताकडे होतं.

हात थांबला. दुकान उघडलं. आणि शशिकांत बोलू लागला.

आधी दुकानात. गिऱ्हाइकाच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी, पावसाची चर्चा. जुनी गिऱ्हाइकं बावरली, दोन-तीन तर दुसरीकडे गेली. मग घरी. शैलजा बालवाडीतून आली की तो दारातच विचारी, दमलीस का गं, बस जरा. एकदा तिच्या केसांतली पांढरी बट हातात धरून त्यानं सांगितलं की ही तिला शोभते. तिनं बहिणीला फोन केला आणि काय सांगावं ते न सुचून भाजीचे भाव सांगितले. तिला आवडत होतं, यात शंका नव्हती. पण एकोणतीस वर्षं बंद असलेलं दार आपण न ढकलता उघडलं की माणूस आत जायच्या आधी इकडेतिकडे बघतो, तसं तिचं झालं होतं.

अशात इस्पितळाचं पत्र आलं. शरीरातलं यंत्र जर स्वतः नियम करत असेल, तर ते नियम वाचता येणारा एक माणूस रुग्णाच्या घरात असलाच पाहिजे, असा नवा कायदा झाला होता. त्या माणसाला साक्षी म्हणायचे. डॉक्टरांनी घातलेल्या ओळींना साक्षीनं हात लावायचा नाही. यंत्रानं स्वतः लिहिलेल्या ओळी मात्र रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या संमतीनं त्याला बदलता येत. त्यासाठी चोवीस दिवसांचा वर्ग करायचा. हातानं प्रोग्रॅम लिहिणं तोवर जवळपास संपलं होतं. यंत्राला तोंडी सांगितलं की ते लिहून देई. त्यामुळे हा वर्ग घ्यायला माणसं मिळेनात, आणि तालुक्याच्या आयटीआयनं निवृत्त झालेल्या अस्लम बागवान सरांना घरून बोलावून आणलं.

सरांनी पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात तळहाताएवढा हिरवा बोर्ड दिला. त्याच्या मधोमध काळी चौकोनी चकती, तिला मायक्रोकंट्रोलर म्हणायचं. यात बुद्धी नाही, सर म्हणाले, सांगितलं तेवढंच करतो, म्हणून शिकायला हा बरा. चारच ओळी लिहायच्या होत्या: दिवा लाव, एक सेकंद थांब, दिवा विझव, एक सेकंद थांब. शैलजाचा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. तिनं बोर्ड उलटासुलटा केला, वायर काढून घातली. शेवटी सरांनी दाखवलं की तिनं दोन्हीकडे 'लाव' असंच लिहिलं आहे. वर्गातल्या वीस जणांत तिचा दिवा सगळ्यांत शेवटी लुकलुकला. पोरांच्या चुका काढण्यात उभा जन्म गेलेली बाई, आणि आता तिची वही सरांच्या लाल खुणांनी भरू लागली.

व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेला डबा, हे तिला पटकन कळलं. डब्यावर 'साखर' लिहिलं तरी आत काय आहे ते उघडून बघावं लागतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. लूप म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा, हेही कळलं. गाडी अडली ती 'जर' पाशी. सरांनी बोर्डाला उजेड मोजणारा सेन्सर जोडायला लावला. जर उजेड पन्नासच्या खाली गेला, तर दिवा लाव, नाहीतर विझव. शैलजानं सेन्सरवर हळूहळू तळहात धरला. आकडा पन्नासच्या आसपास आला आणि दिवा फडफडू लागला. लागतो, विझतो, लागतो, विझतो. तिला वाटलं, पुन्हा आपलंच चुकलं. सर म्हणाले की चूक तिची नाही, एकाच आकड्यावर निर्णय ठेवला की असंच होतं. दोन आकडे घ्यायचे. चाळीसच्या खाली गेला तरच लावायचा आणि साठच्या वर गेला तरच विझवायचा.

"आणि मधे असला तर?" तिनं विचारलं.

"मधे असला तर काही करायचं नाही. आहे तसं राहू द्यायचं."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. काही करायचं नाही हेही प्रोग्रॅममध्ये लिहावं लागतं, याचं तिला नवल वाटलं.

विसाव्या दिवशी प्रत्येकाला आपापल्या माणसाच्या यंत्राची वाचनप्रत मिळाली. कुणाच्या वडिलांचा पेसमेकर, कुणाच्या मुलीचा इन्शुलिनचा पंप. मशीनची भाषा सोप्या मराठीत उतरवलेली होती. शैलजानं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. पहिल्या बारा ओळी डॉक्टरांच्या. लहर, म्हणजे त्या ठेक्याचा जोर, इतकी झाली तर इतका ठोका. पुढच्या ओळी यंत्राच्या. तेरावी दुकान उघडण्याच्या वेळेची, चौदावी वस्तरा हातात घेतल्याची. पंधरा ते अठरा गिऱ्हाइकांविषयी. मग एकोणिसावी आली.

जर आवाज शैलजाचा असेल आणि लहर ५५ च्या वर गेली, तर तिसऱ्या टोकातून ठोका दे. लहर ५५ च्या खाली येईपर्यंत पुन्हा पुन्हा दे.

समोर बारीक अक्षरात लिहिलं होतं: तिसरं टोक मनाशी जोडलेल्या भागाजवळ. आजवर १,१४२ वेळा.

तिनं ती ओळ चार वेळा वाचली. शब्द सगळे कळत होते. जर कळला, तर कळला, पुन्हा पुन्हा कळलं. गेल्या वर्षभरात नवरा तिच्याशी जेवढ्या वेळा गोड बोलला असेल, तो आकडा साधारण तेवढाच असावा, असं तिच्या मनात आलं आणि तिनं प्रत मिटली.

वर्ग सुटल्यावर ती बागवान सरांपाशी थांबली. तिनं आडून विचारलं की एखाद्याचा आवाज ऐकून लहर का चढते. सरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की भीतीनं चढते, रागानं चढते, आनंदानं चढते, परीक्षेच्या निकालानं चढते. मग इथे कशानं चढली ते यंत्राला माहीत असेल का, तिनं विचारलं.

"वहिनी, त्याला फक्त 'जर' ठाऊक असतं," सर म्हणाले. "'का' त्याच्या वहीत नसतं."

प्रोग्रॅममधली चूक कशी शोधायची ते वर्गात शिकवलं होतं. एक ओळ तात्पुरती बंद करायची आणि बाकीचं कसं चालतं ते बघायचं. शैलजानं ती ओळ बंद केली ती स्वतःचं तोंड बंद करून. घसा बसलाय, असं तिनं पाटीवर लिहून नवऱ्याला दाखवलं आणि दोन दिवस एक शब्द बोलली नाही.

पहिल्या दिवशी तो कोमट पाण्यात मीठ घालून घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो गप्प होता. उदास दिसत नव्हता. पेपर वाचला, कुंडीतली माती उकरली, दुकानात गेला, आला, जेवला. हात स्थिर. अगदी जुना शशिकांत, फक्त बरा झालेला. घरात इतकी शांतता होती की शैलजाला आपण मागच्या वर्षी कुठेतरी गावाला गेलो होतो आणि आता परत आलो, असं वाटलं. ही शांतता तिला आवडली की नकोशी झाली, तेच तिला कळेना.

संध्याकाळी तो पाठमोरा बसून कात्र्यांना तेल लावत होता. तिनं फोनवर त्याच्या लहरीचा आकडा उघडला; साक्षीला तो बघता येई. एकेचाळीस. ती हळूच म्हणाली, "अहो."

आकडा बहात्तरवर गेला. त्याचे खांदे ताठ झाले, कात्री मधेच थांबली. फोनच्या कोपऱ्यात ठोक्याची छोटी खूण उमटली, एकदा, दोनदा, तीनदा. आकडा उतरत अडतीसवर आला. मग तो वळला आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं, जे ती वर्षभर पाहत आली होती.

"सुटला होय घसा? बोल की. दोन दिवस घर कसं खायला उठलं होतं बघ."

तिनं फोन उपडा ठेवला. हसू खरं दिसत होतं. पण त्याच्या आधीचे दोन सेकंदही तिनं पाहिले होते, आणि ते ताठ झालेले खांदे तिला फार ओळखीचे होते. एकोणतीस वर्षं ते तिच्या समोर होते. ती त्यांना स्वभाव म्हणत आली होती.

आठवडाभर तिनं हे कुणालाच सांगितलं नाही. पुण्यात राहणाऱ्या आपल्या मुलीला फोन करायला घेतला आणि ठेवला. काय सांगणार होती? बाबा माझ्याशी प्रेमानं बोलतात, आणि त्याचं कारण मला सापडलंय? ओळ पुसावी, तर कदाचित हात थरथरेल आणि माणूसही जाईल. ठेवावी, तर प्रत्येक गोड शब्दाच्या आधी ठोक्याची खूण तिला दिसत राहणार, फोन न बघताही. आणि तिसरीच गोष्ट तिला सगळ्यांत जास्त टोचत होती. हे सगळं त्याच्या डोक्यात चाललंय आणि त्यालाच माहीत नाही.

सोमवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी दुपारी तिनं त्याच्यासमोर प्रत ठेवली आणि एकोणिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. त्यानं चष्मा लावून वाचलं. मग पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचलं. तिला वाटलं, त्याला कळलंच नाही, म्हणून ती बोर्डावरच्या दिव्याचं उदाहरण देऊन समजावू लागली.

"कळलं मला," तो म्हणाला. "तू हाक मारलीस की इथं," त्यानं जबड्यापाशी हात नेला, "मुंग्या येतात. मग बरं वाटतं. मला वाटलं, वयाचं असंल."

तिनं विचारलं की माझ्या आवाजानं आधी ताठ का होता तुम्ही. त्यानं मान हलवली. नाही म्हणाला की माहीत नाही म्हणाला, ते तिला समजलं नाही. मग तो आपणहून बोलला, अडखळत नाही, अगदी सरळ, आणि बोलताना त्याची नजर फोनकडे होती.

"आता जे बोलतो ते मीच बोलतोय असं मला वाटतं. पण पिलेल्या माणसालाबी तसंच वाटत असणार की."

काढायची का ओळ, तिनं विचारलं. तो म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर. ती म्हणाली की एकटीनं ती हे ठरवणार नाही, डोकं त्याचं आहे. तो म्हणाला की साक्षी तू आहेस. असं दोघांनी एकमेकांकडे ते ढकललं. शेवटी शशिकांतनं विचारलं की काढायची आणि ठेवायची यांच्या मधलं काही असतं का. सरांनी शिकवलेले ते दोन आकडे तिला तेव्हा आठवले.

डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. त्यांनी धोका नाही असं सांगितलं, फक्त घरी हात थोडा हलेल, दुकानातला नियम वेगळा आहे, तो तसाच राहील. शशिकांत तिच्याबरोबर आयटीआयत आला, संमतीवर सही केली आणि मागच्या बाकावर बसला. शैलजानं बागवान सरांच्या देखत एकोणिसाव्या ओळीच्या जागी स्वतःची अशी पहिली ओळ लिहिली. आवाज शैलजाचा असेल, तर लहर ८० च्या वर गेल्याशिवाय ठोका सुरू करू नको. ६० च्या खाली आली की थांब. मधे असेल तर आहे तसं राहू दे. 'जर' नंतरचा कंस बंद करायला ती विसरली होती, ते सरांनी दाखवलं. ओळ यंत्रात जायला चार सेकंद लागले. तिनं मागे वळून पाहिलं. तो भिंतीवरचा मोटारीचा तक्ता वाचत होता.

पुढचे दहा-बारा दिवस विचित्र गेले. ती बोलली की त्याचा उजवा हात थरथरे, कपबशी किणकिणे, मग तो कप खाली ठेवून हात मांडीखाली घेई. जुना शशिकांत परत आला असं म्हणावं, तर तो मधूनच बोले. नवा राहिला असं म्हणावं, तर गोड काही बोलत नसे. पांढऱ्या बटेचा विषय पुन्हा निघाला नाही. काही वेळा तो वाक्य सुरू करी आणि अर्ध्यावर सोडून देई, आणि उरलेल्या अर्ध्यात काय असेल याचा विचार करत ती कामाला लागे. आपण काय केलं हे तिला सांगता आलं नसतं. बरं केलं की वाईट, हे तर त्याहून नाही.

मग एका सोमवारी तो पेपर वाचता वाचता मुलीच्या नोकरीविषयी काही सांगत होता, आणि 'शिफारस' म्हणण्याऐवजी 'शिरफास' म्हणाला. शैलजा गवार मोडत होती. तिनं मान वर न करताच दुरुस्ती केली, "शिफारस," आणि हसली. बालवाडीत दिवसातून पन्नास वेळा ती असं करायची.

पेपर खाली आला. त्याचा हात थरथरत होता.

"तवाबी तू अशीच हसली होतीस," तो म्हणाला.

केव्हा, ते तिला कळेना. तिला वाटलं, आता हे वाक्यही अर्ध्यावर राहणार. पण तो बोलला. दिवाळसणाला, म्हणाला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासुरवाडीत सगळ्यांनी त्याला उखाणा घ्यायला बसवलं होतं. त्यानं आठ दिवस खपून स्वतः जुळवला होता. कात्री चालते कचकच, वस्तरा चालतो मऊ, अशी सुरुवात होती. ऐन वेळी जीभ वळली आणि वस्तरा चालतो कचकच असं निघून गेलं. सगळं घर हसलं, मेव्हणे जमिनीवर लोळले. ते ठीक होतं, तो म्हणाला, त्यांनी हसायचंच. पण सगळ्यांत मोठ्यांदा हसली ती शैलजा, आणि मग तिनं सगळ्यांसमोर ओळ सुधारून म्हणून दाखवली.

"एकोणतीस वर्षं झाली," तो म्हणाला. "तोंड उघडलं की तुझं हसू दिसतं."

हे बोलताना त्याचा आवाज चढला होता. लग्नापासून आजवर तो तिच्यावर कधी चढल्या आवाजात बोलला नव्हता. शैलजानं गवार बाजूला ठेवली. तिला तो दिवाळसण आठवत होता. आईनं केलेल्या करंज्या आठवत होत्या, जावयाला घेतलेला शर्टपीस आठवत होता. उखाणा अजिबात आठवत नव्हता. इतका की हे खरंच झालं की यंत्रानं कुठूनतरी उकरून काढलं, असं क्षणभर तिच्या मनात आलं आणि त्या विचाराची तिला लाज वाटली. तिला राग आला, की एवढ्याशा गोष्टीवरून माणसानं आयुष्य गप्प काढावं. ती तसं म्हणालीही. तोही काही म्हणाला. शेजारच्या घरातून कुणी ऐकलं असतं तरी टिपुगड्यांच्या घरात भांडण चाललंय, यावर विश्वास ठेवला नसता.

फोन कट्ट्यावर होता. तिची नजर गेली. चौऱ्याहत्तर. ठोक्याची खूण नव्हती. यंत्र काही करत नव्हतं.

दोघं दमून थांबल्यावर तिनं खुर्ची त्याच्यासमोर ओढली.

"पहिली ओळ कळली," ती म्हणाली. "दुसरी काय होती? माझं नाव दुसरीत असणार."

"दुसरी म्हणूच दिली न्हाई तुम्ही."

"आता म्हणा."

त्याचा हात मांडीवर उघडाच थरथरत होता. त्यानं तो लपवला नाही. त्याचे ओठ हलले, आणि मग त्यानं मान हलवली.

"आठवत न्हाई," तो म्हणाला.

खरंच आठवत नव्हतं, की सांगायचं नव्हतं, हे शैलजाला कळेना. तिनं फोनकडे पाहिलं नाही, कारण तिथे त्याचं उत्तर नव्हतं. ती त्याच्यासमोर तशीच बसून राहिली, आणि यावेळी तिचा चेहरा तिनं काळजीपूर्वक गंभीर ठेवला होता.